नारळ शेवटी

मालवणात घरातून निघताना कुणी ‘जातंय’ म्हणत नाही. ‘येतंय हां’ म्हणायचं आणि पायरी उतरायची. निघालेल्या माणसाला ‘खंय चललंस?’ असंही विचारायचं नाही; विचारलं की काम होत नाही, अशी समजूत. मी पहाटेची सायकल काढायला लागले तेव्हा सासूबाईंनी हा नियम इतक्या कसोशीनं पाळला, की मी कुठल्या रस्त्याला गेले आहे हे घरात कुणालाच माहीत नसायचं. एका रविवारी आचऱ्याच्या पुढे कातळावर माझी चेन तुटली. मोबाइलला रेंज नव्हती. मी भर उन्हात सायकल ढकलत होते आणि घरची माणसं मला तारकर्ली-देवबागच्या रस्त्यावर, म्हणजे बरोबर उलट्या दिशेला, शोधत होती.

त्यानंतर आमच्या दारामागे खडूची पाटी आली. आदल्या रात्री मी तिच्यावर तीन गोष्टी लिहून ठेवते: कुठल्या रस्त्यानं जाणार, बरोबर कोण आणि परत किती वाजता. त्याखाली कायमचं लिहिलेलं आहे: वेळ टळून एक तास झाला की सोबतच्या माणसाला फोन, दोन तास झाले की याच रस्त्यानं गाडी पाठवायची. सकाळी कुणी काही विचारत नाही. मी ‘येतंय’ म्हणते आणि निघते. सासूबाईंचा नियम शाबूत राहिला आणि माझा ठावठिकाणाही घरात राहिला.

सायकल चालवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचे असे काही नियम असतात. कुणी उजवा पाय आधी पेडलवर ठेवतो. कुणी एकच जर्सी घालतो. कुणाला हँडलला काळा दोरा लागतो, कुणाला हातावर दही-साखर. मी स्वतः निघताना घंटी दोनदा वाजवते. का, ते सांगता येणार नाही, पण वाजवल्याशिवाय चाक हलवत नाही. हे सगळं सोडून द्या असं सांगायला मी बसलेले नाही. मला सांगायचं आहे ते एवढंच की या सवयींना कामाला लावता येतं. काहींना वेळीच आवर घालावा लागतो. आणि एक-दोन अशा आहेत, की त्या मुळासकट उपटायलाच हव्यात.

आधी स्वतःच्या सवयीकडे नीट पाहा. मालिनोव्स्की नावाचा मानवशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअंड बेटांवर राहिला होता. तिथले मच्छीमार आतल्या शांत, उथळ पाण्यात मासे मारायला जाताना काहीच मंत्रतंत्र करत नसत. तिथे मासळी हमखास मिळायची आणि धोकाही नव्हता. पण खुल्या समुद्रात जायचं असलं की विधींची रांग लागायची. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. जिथे आपल्या हातात काही नसतं, तिथे मन दोरा बांधतं.

म्हणून तुमचा विधी हा तुमच्या भीतीचा पत्ता असतो. आमच्या गटात राइडच्या आधी ‘पंक्चर’ हा शब्द उच्चारायला बंदी होती. कोकणात रात्री सापाचं नाव घेत नाहीत, ‘जनावर’ म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. पण नाव घ्यायचं नाही म्हटल्यावर जादा ट्यूब कुणी घेतली आहे हेही विचारायचं नाही, असं आपोआप होऊन बसलं. एकदा सहा जणांत मिळून एक पंप निघाला आणि ट्यूब एकही नाही. तेव्हा मला कळलं की आमच्यातल्या निम्म्या लोकांना स्वतःचं चाक उघडता येत नव्हतं आणि त्या लाजेवर ही बंदी पांघरलेली होती. ज्या गोष्टीचं नाव घ्यायला जीभ अडखळते, तिचा सराव करा. घरी पडवीत बसून मागचं चाक काढा, टायर लिव्हरनं टायर सोडवा, ट्यूब बदला, चाक परत बसवा. तीनदा करा, त्यातलं एकदा मिणमिणत्या उजेडात. टायरच्या आतून बोट हळूच फिरवायला विसरू नका, काच किंवा तारेचा तुकडा तिथेच बसलेला असतो आणि तो तसाच राहिला तर नवी ट्यूबही पाच मिनिटांत फुटते. हे हाताला आलं की ‘पंक्चर’ हा शब्द इतर शब्दांसारखा होतो. कुत्र्यांची भीती असेल, ट्रकची असेल, घाट उतरायची असेल, तरी वाट हीच.

आता शीर्षकातल्या नारळाबद्दल. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात. त्या दोन महिन्यांत जाळी दुरुस्त होतात, होडीच्या फळ्या तपासल्या जातात, इंजिन खोलून साफ होतं. मग नारळी पौर्णिमेला बंदरावर गर्दी जमते, नारळ लढवायच्या पैजा लागतात आणि दर्याला नारळ दिला जातो. नारळ सगळ्यात शेवटी येतो, हे मला फार मोलाचं वाटतं. भोक पडलेल्या होडीसाठी कुणी नारळ देत नाही. मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा आहे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी तिथे गणेशपूजन करून सिंधुदुर्गाच्या बांधकामाला सुरुवात केली. पण त्याआधी कुरटे बेटाची पाहणी होऊन जागा पक्की झालेली होती. पूजा झाली ती तयारी झाल्यावर.

मी हा क्रम एकदा उलटा केला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सायकल धुवायला काढली. चाक काढण्यासाठी पुढच्या व्ही-ब्रेकची केबल मोकळी केली. सायकल लखलखीत झाली, संध्याकाळी पुसून ठेवली. सकाळी झेंडूचा हार, हळद-कुंकू, पेढा. दुसऱ्या दिवशी निघाले ती त्या पूजेच्या प्रसन्नतेतच. सड्यावरून बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर पुढचा ब्रेक दाबला आणि लिव्हर सरळ हँडलला जाऊन टेकला. मागच्या ब्रेकवर कशीबशी थांबले, गुडघा फुटला, एवढ्यावरच निभावलं. केबल जोडायची राहून गेली होती. माझ्या मनात मात्र सायकल ‘झालेली’ होती, कारण तिची पूजा झालेली होती. पूजेनं आलेला विश्वास आणि तपासणीनं आलेला विश्वास आतून अगदी सारखा लागतो. या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

विमान चालवणारेही याच खड्ड्यातून गेले आहेत. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत बोइंगचं नवं बॉम्बर विमान चाचणीच्या उड्डाणात कोसळलं. यंत्र उत्तम होतं, वैमानिक कसलेला होता, पण जमिनीवर उभं असताना शेपटीचे भाग अडकवून ठेवणारी कुलपं काढायची राहिली होती. त्यानंतर वैमानिकांसाठी उड्डाणापूर्वीची यादी आली. हीच कल्पना शस्त्रक्रियेच्या खोलीत नेणारे डॉ. अतुल गावंडे आपल्याच मुलखातले म्हणायला हवेत. त्यांचे वडील विदर्भातल्या उटी गावचे. २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेनं त्यांच्या पुढाकारानं १९ बाबींची यादी काढली आणि आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिल्यावर शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. मोठमोठे सर्जन ‘रुग्ण हाच ना, शस्त्रक्रिया हीच ना’ असं मोठ्यानं विचारून घेतात, तर आपण ब्रेकबद्दल विचारायला लाजायचं कारण नाही.

आणि मोठ्यानं विचारायची रीत आपल्याकडे आधीपासूनच आहे. ती म्हणजे गाऱ्हाणं. कोकणात कुठलंही काम सुरू करताना गावातला जाणता माणूस देवापुढे गाऱ्हाणं घालतो, एकेक मागणं मांडतो आणि जमलेले सगळे एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. आम्ही गटात तोच साचा घेतला. एक जण विचारतो. बाकीचे ती वस्तू हातानं चाचपतात आणि मगच उत्तर देतात.

‘चाकांत हवा?’
‘व्हय म्हाराजा!’
‘फुडलो-मागलो ब्रेक?’
‘व्हय म्हाराजा!’
‘चाकांचे नट?’
‘व्हय म्हाराजा!’
‘मागचो लाल दिवो?’
‘व्हय म्हाराजा!’
‘टूब, पंप, पाणी?’
‘व्हय म्हाराजा!’
‘हेल्मेटाचो पट्टो?’
‘व्हय म्हाराजा!’
‘घराकडे सांगितलास?’
‘व्हय म्हाराजा!’

दोन मिनिटंही लागत नाहीत. अट एकच: हात लावल्याशिवाय उत्तर नाही. हवा म्हटलं की अंगठ्यानं टायर दाबायचा, ब्रेक म्हटलं की तो दाबून सायकल पुढे रेटून पाहायची, चाक म्हटलं की वर उचलून फिरवायचं आणि क्विक रिलीजचा खटका घट्ट आहे ना ते बघायचं. देवापुढच्या शब्दांचा असा वापर कुणाला रुचत नसेल तर साधं ‘हो’ म्हणावं. हात लागणं महत्त्वाचं. एकटे निघत असाल तरी मोठ्यानं म्हणा. मनातल्या मनात म्हटलेली यादी मध्येच सुटते. ही यादी संपली की नारळ फोडा, ‘गणपती बाप्पा मोरया’ म्हणा, माझ्यासारखी घंटी वाजवा. तो शेवटचा शिक्का.

पूजा करायचीच, तर ती सायकलला मानवेल अशी करा. हळद-कुंकवाचं बोट हँडलच्या मधल्या जागी किंवा फ्रेमच्या नळीवर लावावं. डिस्क ब्रेकच्या तबकडीवर चुकूनही नको, आणि तेलात कालवलेला शेंदूर तर नकोच. तबकडीला तेलाचा अंश लागला तरी ब्रेक घसरतो आणि किंचाळतो. तबकडी स्पिरिटनं पुसून निघते, पण तेल प्यायलेले पॅड बहुतेक वेळा बदलावेच लागतात. रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर रिमच्या कडेलाही हाच नियम. झेंडूचा हार पूजेपुरता ठेवावा आणि निघण्यापूर्वी उतरवावा, कारण सुटलेला दोरा पुढच्या आऱ्यांत गेला तर चाक जागच्या जागी अडकतं आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. लिंबू-मिरचीच्या माळेला बहुधा तार असते, ती पुढे लटकवू नका. सीटच्या मागे आखूड बांधली तर हरकत नाही. काळ्या दोऱ्याची टोकं कापून टाका. नारळ सायकलीच्या पुढ्यात फोडला असेल तर करवंटीचे बारीक तुकडे वेचल्याशिवाय चाक पुढे नेऊ नका. रोड बाइकच्या पातळ टायरला एक टोकदार तुकडा पुरतो.

समईतलं उरलेलं तेल चेनला घालायची पद्धत मी कितीतरी घरांत पाहिली आहे, आणि खोबरेल तर आपल्याकडे सगळ्याच गोष्टींवर चालतं. चेनवर चालत नाही. त्याला धूळ आणि वाळू चिकटते, आणि थंडीतल्या पहाटे ते थिजतंसुद्धा. चेनचं तेल सायकलच्या दुकानातून आणा. फडक्यानं चेन पुसा, प्रत्येक कडीवर एक थेंब सोडा, दहा मिनिटांनी वरचं तेल पुन्हा पुसून काढा. खाऱ्या हवेत हे आठवड्याला करावं लागतं, आणि पुळणीवरून आलात तर त्याच दिवशी गोड्या पाण्यानं धुवून. इथे शनिवारची अडचण येते. शनिवारी तेल आणि लोखंड घरात आणू नये हे अनेक घरांत आजही पाळतात, आणि रविवारच्या राइडची आठवण तर नेमकी शनिवारी संध्याकाळीच येते. वाद घालत बसण्यापेक्षा शुक्रवारी खरेदी करा. त्यानं आणखी एक फायदा होतो: बिघाड असलाच तर तो दुरुस्त करायला पूर्ण एक दिवस हाताशी राहतो.

सायकल निघाली, आता रस्ता. तिठ्यावरचा उतारा हा आपल्याकडचा नेहमीचा प्रसंग. लिंबू, गुलाल, फुटका नारळ, कधी टाचण्या, कधी बाटली. पहाटेच्या अंधारात दिव्याच्या झोतात तो दिसतो आणि माणूस झटक्यात हँडल वळवतो. तिथेच अपघात होतो, कारण तिठा ही तशीही तीन बाजूंनी गाड्या यायची जागा. उताऱ्याची भीती असो वा नसो, टाचणी आणि काच टाळायचीच आहे. म्हणून तिठा दिसला की आधीच वेग कमी करा, मागे वळून पाहा, हातानं खूण करा आणि मग बाजूनं जा. गटात पुढच्यानं ओरडून सांगावं. मांजर आडवं गेलं की थांबायचं असेल तर जरूर थांबा, पण कडेला घेऊन. रांगेत जाताना मांजरासाठी कच्चकन दाबलेला ब्रेक मागच्याचे दात पाडतो.

नमस्काराचंही तसंच. इथे प्रत्येक वळणावर देऊळ, प्रत्येक घाटीला राखणदार. हात हँडलवरून सुटून छातीकडे जातो, हे संस्कार आहेत, त्यात काही गैर नाही. पण उतारावर, शेवाळलेल्या साकवावर किंवा खडीवर एक हात सोडणं म्हणजे निम्मा ब्रेक सोडणं. एक तर थांबून, पाय जमिनीला लावून नमस्कार करा, नाही तर मान लववा. आंबोलीचा घाट उतरताना तर दोन्ही हात ब्रेकवरच हवेत. इटलीत कोमो सरोवराच्या वर घिसाल्लो नावाचा चढ आहे. त्याच्या माथ्यावरच्या छोट्या चॅपेलमधल्या मादोन्नाला पोप बारावे पायस यांनी १३ ऑक्टोबर १९४९ रोजी सायकलस्वारांची रक्षणकर्ती म्हणून मान्यता दिली. आत थोर शर्यतपटूंच्या सायकली आणि जर्सी टांगलेल्या आहेत. ते देऊळ चढाच्या माथ्यावर आहे, जिथे माणूस दमून आपसूक थांबतो, ही मला फार शहाणपणाची जागा वाटते.

‘तीन तिगाडा’ची गोष्ट वेगळी. तिघांनी निघू नये, निघालंच तर चौथा म्हणून खिशात एक खडा ठेवावा, असं सांगतात. माझा अनुभव सांगतो की आडवाटेच्या राइडला तीन ही सर्वांत चांगली संख्या आहे. एक जण पडला तर दुसरा त्याच्यापाशी बसतो आणि तिसरा मदत आणायला जातो. तेव्हा खडा घ्या आणि तिघं जा. मात्र तो खडा जर्सीच्या पाठीमागच्या मधल्या खिशात ठेवू नका. पाठीवर पडलात तर तो नेमका मणक्यावर येतो. पंप आणि पान्हे यांनाही तोच नियम. त्यांची जागा सीटखालच्या पिशवीत.

अमावस्येला बाहेर पडू नये, या समजुतीपाशी मी थोडी जास्त रेंगाळणार आहे, कारण इथे जुन्या माणसांचं गणित खरोखर उपयोगी आहे. आपल्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ निघते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि नवाच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला सहाला भरती. अमावस्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास भरती, आणि तीही उधाणाची. तारकर्लीच्या पुळणीवरून सायकल चालवायची हौस अनेकांना असते. त्यांनी हे गणित मनाशी करावं. अष्टमीच्या सकाळी सहाला गेलात तर पाणी वर आलेलं असेल आणि चाक मऊ वाळूत रुतेल. त्या दिवशी नऊ-दहापर्यंत थांबा. उलट अमावस्येच्या पहाटे ओहोटी खूप लांब गेलेली असते, ओली वाळू डांबरासारखी घट्ट असते, आणि पुळण सर्वांत रुंद मिळते. मग आठ-साडेआठपर्यंत बाहेर पडायचं, कारण त्यानंतर दर्या झपाट्यानं वर येतो. देवबाग तर एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र यांच्यामधली चिंचोळी पट्टी, तिथे उधाणाच्या वेळी रेंगाळू नये. पावसाळ्यात पुळणीवर सायकल नकोच. तिन्हीसांजेला निघू नये, हेही मी पाळते. त्या वेळी दिवसाचा उजेड गेलेला असतो, दिव्याचा प्रकाश अजून पुरेसा उठत नाही, आणि गुरं घराकडे परतत असतात. निघावंच लागलं तर पुढचा-मागचा दिवा आणि चमकणारं जाकीट.

आचऱ्याकडे जाणाऱ्यांसाठी एक सूचना. दर काही वर्षांनी रामेश्वराचा कौल होऊन आचऱ्याची गावपळण होते. तीन दिवस, तीन रात्री सगळा गाव माणसं-गुरांसकट वेशीबाहेर राहायला जातो. त्या दिवसांत तिथे चहा-पाणी मिळेल असं धरून निघू नका, आणि रिकाम्या गावाचे फोटो काढायला आत शिरू नका. आपल्या बाटल्या भरून घ्या किंवा दुसरा रस्ता धरा. ती त्या गावाची रीत आहे, आपण पाहुणे.

कपड्यांबद्दल थोडक्यात पण स्पष्ट. ‘लकी’ जर्सी ठेवा, पण धुवा. चांगली राइड झाली म्हणून तीच शॉर्ट न धुता पुढच्या वेळी घालणारे मी पाहिले आहेत. आपल्या दमट हवेत त्यानं गजकर्ण होतं आणि बैठकीला फोड येतात, मग पंधरा दिवस सायकल बंद. शर्यतीत १३ क्रमांक मिळाला की तो उलटा लावायची युरोपातल्या व्यावसायिकांची जुनी रीत आहे. ती मला मान्य आहे, तिला खर्च नाही, इजा नाही. पण एखाद्या वस्तूवर यश-अपयशाचं सगळं ओझं टाकण्याआधी इंद्रधनुषी जर्सीची गोष्ट ऐका. सायकलिंगच्या विश्वविजेत्याला वर्षभर ती जर्सी घालता येते, आणि ती शापित आहे, विजेत्याचं पुढचं वर्ष वाईट जातं, अशी समजूत आहे. १९६५ चा विजेता टॉम सिम्प्सन यानं त्याच हिवाळ्यात स्कीइंग करताना पाय मोडून घेतला. १९७० चा विजेता, बेल्जियमचा मॉन्सेरे, मार्च १९७१ मध्ये तीच जर्सी अंगात असताना शर्यतीत मोटारीला धडकून गेला. २०१५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये जुन्या विजेत्यांचे आकडे तपासणारा अभ्यास आला. पुढच्या वर्षी विजय कमी होतात हे खरं निघालं, पण कारण साधं होतं: माणूस विश्वविजेता होतो ते त्याच्या असामान्य वर्षी, आणि त्यानंतरचं वर्ष त्याच्या नेहमीच्या पातळीवर येतं. तुमच्या सर्वांत चांगल्या राइडनंतरची राइडही थोडी साधीच असणार. त्याचा दोष मोज्यांना देऊ नका, आणि कुणाच्या नजरेला तर मुळीच नको.

आता ज्या सवयी उपटून टाकाव्यात असं म्हटलं, त्यांच्याबद्दल. पूजा झाल्यावर पाळी आलेल्या मुलीनं सायकलला हात लावायचा नाही, असं मला एका घरात सांगण्यात आलं. त्या मुलीची शाळा पाच किलोमीटरवर होती आणि सायकल तिचीच होती. त्या दिवशी ती चालत गेली. सकाळी निघताना विधवा बाई समोर आली म्हणून मागे फिरणारे लोकही आहेत. ज्या विधीची किंमत दुसऱ्या माणसाला मोजावी लागते, तो विधी आपल्या मनःशांतीसाठी चालू ठेवायचा अधिकार आपल्याला नाही. तुमच्या गटात असं काही चाललं तर तिथल्या तिथे बोला. आणि मूल सायकलवरून पडलं की ‘आज वार वाईट होता’ असं त्याला सांगू नका. त्याच्याबरोबर त्या जागी परत जा, वाळू दाखवा, ब्रेक केव्हा दाबला ते विचारा. आपण का पडलो हे ज्या मुलाला कळतं, ते दुसऱ्या दिवशी पुन्हा सायकलवर बसतं.

स्वतःचा विधी जड होऊ लागला आहे का, हे ओळखायची एक सोपी परीक्षा आहे. जवळच्या, ओळखीच्या दहा-बारा किलोमीटरच्या फेरीला तो मुद्दाम वगळा. दोरा घरी ठेवा, डावा पाय आधी टाका. थोडं चुकल्यासारखं वाटेल, तेवढ्यावर भागलं तर ठीक. पण छाती धडधडायला लागली, अर्ध्या वाटेतून परतावंसं वाटलं, तर त्या विधीनं तुमची जागा घेतली आहे. महिनाभर आठवड्यातून एकदा असंच करा. मीही केलं. घंटी न वाजवता धामापूरच्या तलावापर्यंत गेले आणि आले. पहिल्यांदा प्रत्येक वळणावर काहीतरी होईल असं वाटत राहिलं. चौथ्या वेळी घंटीची आठवण झाली ती घरी पोचल्यावर. अजूनही मी घंटी वाजवते, पण आता ती मला आवडते म्हणून. मोठ्या राइडच्या दिवशी मात्र हा प्रयोग करू नका. त्या दिवशी सगळं ओळखीचं असावं, खाणंसुद्धा. उकड्या तांदळाची पेज, चिमूटभर मीठ, जमलं तर एखादं केळं. दही-साखर चमचाभर चालते. शिंक आली तर जुन्या रितीप्रमाणे दोन मिनिटं थांबून पाणी प्या, नाही तरी निघण्यापूर्वी पाणी प्यायला आपण विसरतोच.

सासूबाई आता ऐंशी पार आहेत. ‘खंय चललंस’ त्या आजही विचारत नाहीत. मी निघाले की त्या दारामागे डोकावून पाटी वाचतात. परतायची वेळ लिहायची राहून गेली असेल, तर दही-साखरेची वाटी हातातच धरून उभ्या राहतात आणि मी खडू उचलेपर्यंत पुढे करत नाहीत.